हो, बंद आहे

वाल्दिव्हियात लाकूड धड वाळतच नाही.
नदीचा वेढा, वरून आठ महिने पाऊस,
बोटीची फळी काय, घराची चौकट काय,
पाणी मुरतं, आणि मुरलेलं दिसत नाही
दार फुगून अडकेपर्यंत.

लग्नाच्या रात्री एर्मेलिंदानं विचारलं,
"गॅस बंद आहे ना?"
मी म्हटलं, "हो, बंद आहे."
किती सोपं होतं प्रेम.
एक शब्द, तोही खरा.

हे तिला एकोणिसाव्या वर्षापासूनचं, मला पुढं कळलं.
तिची आई म्हणायची,
भूकंपात घर गेलेल्या बाईची लेक, जपूनच वागणार.
पाद्रेबाबा म्हणाले, हळवं मन, देवाची देणगी.
दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी झोपेचे थेंब दिले,
आणि शेजारणी आपापल्या सुनांना दाखवत,
बघा, ओटा कसा ठेवते.
कुणी वाईट बोललं असतं
तर कदाचित लवकर गेलो असतो.

मी बोटींच्या इंजिनांचा माणूस.
खडखड ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतो.
घरातली खडखड तेवीस वर्षं ऐकली
आणि वरून तेल घालत राहिलो.

रात्रीतून अकरा वेळा, सरासरी.
एकदा वीजबिलाच्या पाठीवर गुणाकार केला:
ब्याण्णव हजार तीनशे पंचेचाळीस "हो".
शिवाय हिशेबाबाहेरचे.
यास्नाच्या शाळेचं नाटक, आणि आम्ही अर्ध्या पुलावरून मागं.
यास्नाचं लग्न, केक कापायची वेळ,
आणि शेजारचा बिदाल फोनवर, हातात आमची किल्ली,
ओट्यासमोर उभा राहून आम्हाला शपथ देतोय.
पोरगी फोटोत हसते आहे.
तिची आई फोटोत नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी नवी डॉक्टर भेटली,
पाइयान आडनावाची, पायांत चिखलाचे रबरी बूट.
तासभर तिच्याशी बोलली. मग माझ्याकडं वळली:
"आणि तिनं विचारल्यावर तुम्ही काय करता?"
मी अभिमानानं सांगितलं.
तिनं पेन खाली ठेवलं.

उपचार म्हणजे काय,
तर किटली ठेवायची, गॅस बंद करायचा,
एकदाच, आणि पाठ फिरवून बसायचं.
मला दिलेलं औषध दोन शब्दांचं:
"माहीत नाही."

पहिल्या रात्री बेचाळीस मिनिटं.
खुर्चीच्या कडेला धरून ती थरथरत होती,
तिच्या आजोळच्या शिव्या मी प्रथमच ऐकल्या.
एकच तर शब्द मागतेय, म्हणाली, एक शब्द, कंजूस माणसा.
मी अंगणात लाकडं फोडायला गेलो.
ओली होती. फुटेनात.
मग ती शाल ओढून दारात आली,
म्हणाली, भूक लागलीय.

तीन वर्षं झाली त्याला.
आता तीनदा बघते, वाईट दिवशी नऊदा.
नॉब दाबून दाबून उजव्या अंगठ्यावरच्या रेषा गेल्या,
सरकारी कचेरीतलं यंत्र तिला ओळखत नाही.
ती हसते, म्हणते, डावा घ्या.

डॉक्टरला एकदा एकट्यानं गाठलं.
अठ्ठावीस वर्षं आधी आलो असतो तर?
"सोपं गेलं असतं, बहुतेक."
पूर्ण बरी झाली असती?
खिडकीखाली मासळीबाजारात समुद्रसिंह भुंकत होते.
ती त्यांच्याकडं बघत राहिली,
मग म्हणाली, "माहीत नाही."

शब्द ओळखीचे. कडूही तेवढेच.
पाण्याशिवाय गिळले.

रविवारी आम्ही बोटीनं निएब्लाला जातो.
नदी रुंद होते तिथं
ती मान वळवते, मला आधीच कळतं.
"गॅस?"
मी पाणकावळ्यांकडं बघतो. "माहीत नाही."
"मलाही," म्हणते,
आणि पिशवीतून पाव काढते.

मागं घर आहे.
असावं.